इंजिन आणि नौकेचा घाट : पश्चिम किनाऱ्यावरील मच्छिमार नौकांच्या यांत्रिकीकरणाची समीक्षा

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळातील मत्स्यव्यवसायाचा इतिहास लिहिताना 'यांत्रिकीकरण' हा शब्द बहुधा एखाद्या आकड्यासारखा वापरला जातो. किती नौकांना इंजिने बसली, त्यांची एकूण अश्वशक्ती किती आणि मासळीचे उत्पादन किती टनांनी वाढले, या तीन स्तंभांत हा इतिहास मावतो असे गृहीत धरलेले असते. नौका स्वतः या हिशेबात येत नाही. इंजिन ठेवण्याचे एक भांडे, एवढेच तिचे स्थान उरते. मराठी समीक्षेत 'घाट' हा शब्द साहित्यकृतीच्या रचनेसाठी रूढ आहे. नौकेच्या बाबतीत मात्र तो रूपक म्हणून वापरावा लागत नाही. तिचा घाट म्हणजे तिच्या किनाऱ्याने, जाळ्याने, वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने घडवलेला प्रत्यक्ष आकार. इंजिन बसवणे ही या आकारात पडलेली भर नसून त्या आकाराची फेररचना असते, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात कोकण व केरळ या दोन किनाऱ्यांवरील यांत्रिकीकरणाचा विचार केला आहे.

नौकांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी

भारतीय नौकांच्या अभ्यासात जेम्स हॉर्नेल यांच्या १९२० मधील प्रबंधाचे स्थान मोलाचे आहे. भारतीय नौकांच्या घडणीचे मूळ आणि तिचे वांशिक महत्त्व हा त्याचा विषय. कोणती नौका कोणाकडून आली, अरबांकडून काय घेतले, पॉलिनेशियाशी नाते कोठे जुळते, हे प्रश्न त्यांनी चिकाटीने धसास लावले. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याची धुरा सांभाळलेल्या या अभ्यासकाला नौकेच्या रोजच्या कामाची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. तरीही प्रबंधाचा रोख 'कोठून' या प्रश्नावर राहिला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या खाद्य व कृषी संघटनेने १९५३ मध्ये पॅरिस व मायामी येथे मच्छिमार नौकांविषयी परिषद भरवली. तिचे वृत्त यान-ओलोफ ट्राउंग यांच्या संपादनाखाली १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आले. जगभरच्या मच्छिमार नौका आराखड्यांसह एकत्र मांडणारा हा ग्रंथ आजही उपयोगी आहे. त्यातील प्रश्न मात्र बदललेला दिसतो. पारंपरिक नौका पुढे आली की तिला इंजिन पेलेल काय, हे आधी विचारले जाऊ लागले. पहिली दृष्टी भूतकाळाकडे वळलेली, दुसरी भविष्याकडे. ही नौका या किनाऱ्यावर आज नेमके काय काम करते, हा मधला प्रश्न दोहोंतही दुय्यम राहिला.

दोन किनारे

'इंजिन पेलेल काय' या प्रश्नाला पश्चिम किनाऱ्यावर दोन वेगळी उत्तरे मिळाली. महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावरील मचव्याच्या जातीच्या नौका मुळातच फळ्यांच्या, कणा असलेल्या, सागवानी व भक्कम होत्या. फळ्यांच्या कडा एकमेकींत खाचून बसवलेल्या, सांध्यांत कापूस भरलेला, आतून वाकाचे लाकूड. अशा नौकेच्या मागच्या भागात इंजिनाचा पाया बसवता येतो आणि मागच्या खांबातून दंड बाहेर काढून त्याला पंखा लावता येतो. सातपाटी आणि वर्सोवा येथील नौकांत १९५० च्या दशकात हे बदल होत गेले, तेव्हा नवी नौका घडवण्याची गरज भासली नाही.

भूगोलाचाही यात वाटा होता. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार ते पाच मीटरपर्यंत जाते. नौका भरतीला खाडीत शिरते, ओहोटीला चिखलात टेकते, तेव्हाच तिचा तळ खरवडता येतो आणि पंखाही तपासता येतो. वेगळी गोदी लागत नाही. शिवाय येथील मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या या जाळ्यात ओढीच्या पाण्याबरोबर बोंबील आणि जवळा येतो. येथे मासळी पकडण्याचे काम पाणी करते, नौकेने फक्त जाऊन यायचे असते. सुरुवातीच्या इंजिनाने हे जाणे-येणे वाऱ्याच्या मर्जीतून सोडवले, मासेमारीच्या पद्धतीला हात लावला नाही.

केरळची स्थिती याच्या नेमकी उलट होती. झाडाच्या खोडातून कोरलेले किंवा फळ्या काथ्याने शिवून केलेले वळ्ळम आणि ओंडके बांधून केलेला कट्टुमरम ही तेथील साधने. उघड्या पुळणीवर फुटणाऱ्या लाटांतून आत-बाहेर करण्यासाठी ती घडलेली होती. कट्टुमरम पाण्याने भरत नाही, कारण त्याला पोटच नसते. शिवलेली नौका लाटेच्या माऱ्यात किंचित लवते आणि म्हणून फुटत नाही. हे लवणे इंजिनाला चालत नाही. दंड सरळ राहिला पाहिजे, पाया हलता कामा नये. १९५२ च्या करारानुसार कोल्लमजवळ शक्तिकुलंगरा-नीण्डकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. तेथे स्थानिक नौकांना इंजिन बसवण्याचे आरंभीचे प्रयत्न फसले आणि नव्या नौका घडवाव्या लागल्या. नव्या नौकेचा पंखा वाळूत रुतू नये म्हणून पुळण सोडावी लागली, बंदर लागले. अष्टमुडी कायलाच्या मुखामुळे नीण्डकरा येथे ते मिळाले, इतर गावांना मिळाले नाही. पुढे कोळंबीची निर्यात आणि तळ खरवडणारे ट्रॉल जाळे यांनी प्रकल्पाची दिशाच बदलली. आर्ने मार्टिन क्लाउसेन या मानवशास्त्रज्ञाचा १९६८ मधील ग्रंथ आणि जॉन कुरियन यांचे १९७८ व १९८५ मधील लेखन यांनी या बदलाची कठोर चिकित्सा केली. १९८८ पासून केरळात लागू झालेली पावसाळी ट्रॉलबंदी ही त्या संघर्षाचीच एक परिणती होय.

येथे एक विसंगती लक्षात येते. केरळमध्ये नौकेने इंजिन नाकारले, म्हणून प्रश्न दिसला आणि त्यावर लिहिले गेले. पिएर जिले यांनी कन्याकुमारीकडील छोट्या नौकांच्या अनुभवावर १९८५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावही शूमाखर यांच्या प्रसिद्ध ग्रंथनामाला चिमटा काढणारे आहे : लहान ते सुंदर नव्हे, लहान ते अवघड. बंगालच्या उपसागरासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात १९८० च्या दशकात पंखा व दंड वर उचलता येईल अशी पुळणीवर लागणारी नौका घडवली गेली. अपयशाने असा विचार करायला भाग पाडले. कोकणात नौकेने इंजिन निमूटपणे स्वीकारले आणि त्या मानाने तिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले. समीक्षेची खरी गरज मात्र या निमूट स्वीकारालाच आहे.

शीड उतरल्यावर

शिडाची नौका वाऱ्याच्या दाबाने कलते आणि सावरते. तिची पुढे झेपावलेली नाळ, तळाचा खोल कणा, पोटात ठेवलेले वजन, पुढे झुकलेली डोलकाठी हे सर्व त्या कलण्याचा हिशेब ठेवून आलेले असते. इंजिन आले, की वजन मागे सरकते, डोलकाठी हळूहळू आखूड होते आणि शेवटी जाते. पोटातले वजन अडचणीचे वाटू लागते, कारण ती जागा आता बर्फाच्या खणाला हवी असते. यानंतरचे बदल एका वर्षात होत नाहीत. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा दरवर्षी एखादी गोष्ट वाढते. एका वर्षी तांडेलासाठी केबिन, पुढे विंच, नंतर ट्रॉलच्या दोरांसाठी मागे उंच लोखंडी चौकट, मग मोठी डिझेल टाकी. काही नौकांवर प्रखर दिव्यांसाठी जनरेटर आले. अशा दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली. यांतील प्रत्येक भर एकेकटी पाहिली तर वाजवी वाटते, आणि बहुतेक भर कण्यापासून उंचावर पडते.

याचा अर्थ आकड्यांत मांडता येतो. नौका कलल्यावर तिला सरळ करणाऱ्या सामर्थ्याचे एक माप म्हणजे तिची मेटासेंट्रिक उंची. वजन जितके वर चढते, तितकी ही उंची कमी होते. लहान नौकांसाठी ती ढोबळपणे काढण्याची सोपी रीत आहे. शांत पाण्यात नौकेला हेलकावा द्यावा, एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन पुन्हा मूळ जागी येण्यास लागणारे सेकंद मोजावेत, नौकेच्या मीटरमधील रुंदीला ०.८ ने गुणून त्या सेकंदांनी भागावे आणि उत्तराचा वर्ग करावा. पाच मीटर रुंदीच्या नौकेला पाच सेकंद लागत असतील, तर ही उंची ०.६४ मीटर येते. केबिन, विंच आणि चौकट चढल्यावर सात सेकंद लागू लागले, तर ती ०.३३ मीटरवर उतरते. मच्छिमार जहाजांच्या सुरक्षेसाठी १९७७ मध्ये टोरेमोलिनोस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात एकेरी डेकच्या जहाजासाठी किमान मर्यादा ०.३५ मीटर ठरवली होती. तो करार २४ मीटर व त्याहून लांब जहाजांपुरता होता आणि तो कधी अमलात आला नाही, ही गोष्ट वेगळी. कोकणातल्या बहुसंख्य नौका त्याच्या कक्षेत आल्याच नसत्या.

या गणितातील धोका असा, की तो सुखावह वाटतो. झटकन सरळ होणारी नौका खलाशांना हैराण करते. सावकाश झुलणारी नौका 'शांत' वाटते आणि तिचे कौतुक होते. ट्रॉलचे जाळे तळाशी एखाद्या खडकात अडकले आणि दोर उंच चौकटीवरून एका बाजूस ताणला गेला, म्हणजे हे शांतपण काय होते ते उघड होते. शीड फाटते किंवा सोडता येते, इंजिन मात्र ओढतच राहते.

अश्वशक्तीची चढाओढ

आणखी एका समजुतीची तपासणी आवश्यक आहे. इंजिन मोठे म्हणजे नौका वेगवान, या कल्पनेवर दहा-वीस अश्वशक्तीपासून शंभराहून अधिक अश्वशक्तीपर्यंतचा प्रवास झाला. पाणी कापत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या पाण्यातील लांबीची मर्यादा असते. फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले, की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. ३६ फुटांच्या नौकेला ती सुमारे आठ नॉट पडते. त्यापलीकडे शक्ती दुप्पट केली तरी नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या उतारावर अडकून बसते आणि डिझेल मात्र जळते. वाढीव शक्तीचा खरा उपयोग जड ट्रॉल ओढण्याला होतो. म्हणजे डोलीच्या जाळ्यापाशी जाऊन येणाऱ्या नौकेला इंजिन हे वाहन होते, ट्रॉलरला तेच जाळ्याचा भाग झाले. शासकीय तक्त्यांत दोन्ही 'यांत्रिक नौका' म्हणून एकाच रकान्यात दिसतात. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये आला, तेव्हा हा भेद मासेमारीच्या क्षेत्रांच्या व जाळ्यांच्या भाषेत मान्य करावा लागला. नौकेच्या रचनेच्या भाषेत तो अद्यापही फारसा मांडला गेलेला नाही. सहकारी संस्थांमार्फत आलेले कर्ज आणि डिझेलवरील कराचा परतावा यांनी या चढाओढीला आधार दिला. मासळी कमी झाल्यावर हप्ता भरण्यासाठी आणखी दूर जाणे आणि त्यासाठी आणखी मोठे इंजिन घेणे, हे चक्र किनाऱ्यावरील कोणत्याही गावाला अपरिचित नाही.

सुताराची नजर आणि साचा

या साऱ्यात नौका बांधणाऱ्या सुताराला दोष देणे अन्यायाचे होईल. कागदावरील आराखड्याशिवाय, नजरेने व पिढीजात मापांनी तो नौका घडवतो. 'अडाणी' म्हणून या पद्धतीची संभावना अनेकदा होते, पण तिच्यात एक गुण होता. मागील नौका समुद्रात कशी वागली हे तांडेल येऊन सांगे आणि पुढील नौकेत पोट बोटभर रुंद होई किंवा मागचा भाग किंचित उचलला जाई. तांडेल आणि सुतार यांचा हा संवाद म्हणजेच आराखडा होता. मात्र ही दुरुस्ती संथ असते. शिडाच्या नौकेत बदल पिढीने होत, तेव्हा ती पुरेशी होती. इंजिन आल्यावर बदल दर हंगामाला होऊ लागले आणि एका नौकेचा अनुभव पुढच्या नौकेपर्यंत पोचण्याआधीच तिच्यावर नवे वजन चढू लागले.

फायबरच्या नौकांनी हा संवादच थांबवला. सागवान महागल्यावर फायबरकडे वळणे अपरिहार्य होते आणि कुजणे, किडणे, दरवर्षी सांधे भरणे यांतून झालेली सुटकाही खोटी नाही. परंतु पुष्कळदा साचा घेतला जातो तो एखाद्या नावाजलेल्या लाकडी नौकेवरून. त्या नौकेचा घाट लाकडाच्या वजनासाठी होता. तोच घाट हलक्या फायबरमध्ये आला, की नौका पाण्यावर अधिक वर तरंगते, तिचा वजनाचा तोल बदलतो, आणि काढून टाकलेले पोटातले वजन काँक्रीटच्या रूपाने परत घालण्याची वेळ येते. लाकडी नौकेला बाहेरून फायबरचे अस्तर चढवण्याचा मधला मार्गही जोखमीचा आहे. लाकूड ओले असताना अस्तर चढले तर ओल आत कोंडते आणि वरून नवी दिसणारी नौका आतून कुजत राहते. शिवाय साचा हा दुरुस्ती न स्वीकारणारा सुतार आहे. पहिल्या नौकेचा दोष पन्नासाव्या नौकेत जसाच्या तसा उतरतो आणि तो सांगायला आलेल्या तांडेलाला 'केबिन थोडी खाली घ्या' इतकेच उत्तर मिळू शकते.

हेलकाव्याच्या चाचणीला लागते ते एक घड्याळ, एक दोर आणि भरतीच्या वेळची शांत खाडी. नारळी पौर्णिमेला नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात तेव्हा या तिन्ही गोष्टी प्रत्येक बंदरात उपलब्ध असतात. त्या वेळी नौकेवर बर्फ नसतो, डिझेल अर्धे असते आणि जाळे अजून किनाऱ्यावर वाळत असते, म्हणून मोजणी एकदा अशी रिकामी आणि एकदा पहिल्या फेरीच्या मासळीसह करावी लागेल. दोन्ही आकडे केबिनच्या दारावर रंगवून ठेवले, तर पुढच्या पावसाळ्यात काय चढवायचे आणि काय उतरवायचे याची चर्चा निदान एका मापावरून सुरू होईल.