नाव एस्प्रेसो, राहणार शेगडीवर

हल्ली जो तो वस्तूंना तारे देत सुटला आहे. मिक्सरला साडेचार तारे, झाडूला चार, उशीच्या अभ्र्याला पाच. पूर्वी तारे पंचांगात असत, नाहीतर सिनेमात. पण भांड्याचं परीक्षण असं तारे मोजून होत नसतं. त्यासाठी भांड्याशी संसार करावा लागतो. मी सहा महिने केला आहे. तेव्हा फुकट पास न घेता, स्वतःच्या खिशातले आठशे नव्वद रुपये मोजून आणलेल्या एका अष्टकोनी ॲल्युमिनिअमच्या भांड्याबद्दल चार शब्द लिहायचा मला अधिकार आहे, असं मी समजतो.

खोक्यावर लिहिलं आहे, 'एस्प्रेसो मेकर, तीन कप'. एवढ्याशा मजकुरात दोन थापा मारणं हे सोपं काम नाही.

पहिली थाप, तीन कप. हे कप इटलीचे. तिकडचा कप म्हणजे आपल्याकडे भातुकलीत असतो तो. तिन्ही मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे आपला एक मग, तोही काठोकाठ नाही. तीन पाहुणे आले तर प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थासारखी पळीपळीने द्यावी लागेल. दुकानदाराला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, कप तुमच्या घरचे मोठे आहेत, त्याला भांडं काय करणार?" यावर उत्तर नाही.

दुसरी थाप मोठी आहे. एस्प्रेसो! आमच्या पिढीला एस्प्रेसो प्रथम भेटला तो लग्नाच्या रिसेप्शनमध्ये. कोपऱ्यात एक चकचकीत यंत्र फुस्स-फुस्स करी, एक गडी दुधात वाफ सोडून कपावर फेसाचा डोंगर उभा करी, आणि वर कोको पावडरची चिमूट. तो फेस मिशांना लागला की लग्न थाटात झालं असं समजत. पुढे कळलं की तो एस्प्रेसो नव्हेच, वाफाळलेल्या दुधातली झटपट कॉफी ती. खऱ्या एस्प्रेसोचं यंत्र सुमारे नऊ बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट जोराने, गरम पाणी कॉफीतून अर्ध्या मिनिटात ढकलतं. आमचं हे भांडं ढकलून ढकलून एक, फार तर दीड बार ढकलतं. नऊपैकी दीड! एवढ्या मार्कांवर आमच्या वेळी वरच्या वर्गात घालत नसत. खऱ्या एस्प्रेसोवर येते ती सोनेरी साय हे भांडं धरत नाही, ती नाहीच.

वास्तविक या जातीच्या भांड्याचं खानदान चांगलं आहे. इटलीत क्रुसिनाल्लो नावाच्या गावी आल्फोन्सो बियालेत्ती यांचा ॲल्युमिनिअमचा कारखाना होता, तिथे 1933 साली हे जन्माला आलं. कल्पना कपडे धुण्याच्या भट्टीवरून सुचली असं सांगतात. खाली पाणी उकळायचं आणि मधल्या नळीतून वर चढून कपड्यांवर पडायचं. नाव ठेवलं 'मोका', येमेनमधल्या मोखा बंदरावरून, जिथून एके काळी जगाची कॉफी जहाजात चढे. (आपल्याकडे मोक्का गुंडांना लावतात, तो वेगळा.) म्हणजे नाव अरबी बंदराचं, युक्ती परटाची, आणि दावा इटलीतल्या बारचा. दुसऱ्या महायुद्धानंतर चिरंजीव रेनातो यांनी जाहिरातीचा धडाका लावला आणि एक बोट वर करून उभा असलेला मिशाळ माणूस इटलीतल्या घराघरांत पोचवला. हे रेनातो 2016 साली वारले तेव्हा त्यांचा अस्थिकलशसुद्धा मोकाच्याच आकाराचा केला होता. आपल्या मालावर एवढी निष्ठा असलेल्या कारखानदाराला मी नमस्कार करतो. माझं भांडं त्यांच्या कारखान्यातलं नाही. त्याच्या खोक्यावर मिशा नाहीत, कारखान्याचा पत्ताही नाही.

स्वस्ताई कुठे जाणवते? पहिली जागा म्हणजे आपली गॅसची शेगडी. भांड्याचा तळ एवढा चिमुकला की बर्नरच्या चार दांड्यांवर ते टेकतच नाही, मधोमध घसरून एका कुशीवर लवंडतं. उपाय घरात होता, पापड भाजायची जाळी. तेव्हापासून आमचे पापड कॉफीच्या वेळा सांभाळून भाजले जातात. आच तळाबाहेर गेली की मुठीच्या काळ्या प्लॅस्टिकला वास येतो, म्हणून बर्नर लहान, तोही बारीक. मधलं रबर चार महिन्यांत कडक झालं आणि सांध्यातून पाणी पाझरू लागलं. दुकानदाराकडे ते सुटं मिळत नाही. तेवढी एक चौकशी मात्र घेण्याआधीच करावी, आणि बाजूची छोटी झडप दाबून हलते का ते बघावं. पाणी त्या झडपेच्या खालीच भरायचं. झडप अडकली तर तो शिट्टी नसलेला कुकर आहे, त्यात विनोद नाही.

जाणकार सांगतात, हे भांडं साबणाने धुवू नका, आत कॉफीचा थर बसू द्या, चव मुरते. मला हे पटत नाही. कॉफीत तेल असतं आणि तेल खवट होतं. तेलाची बरणी मुरावी म्हणून न धुता ठेवणारी गृहिणी मी पाहिलेली नाही. तारेची घासणी नको, मऊ कपडा आणि थोडा साबण, आणि कोरडं करून ठेवायचं, नाहीतर आत पांढरे चट्टे येतात.

आता मुख्य पात्राबद्दल. कॉफी उत्तम होते! एस्प्रेसो म्हणून नापास, पण कॉफी म्हणून पहिला वर्ग. माटुंग्याहून आणलेली, चिकोरी नसलेली पूड डबीत अलगद भरायची, दाबायची नाही. खाली गरम पाणी, मंद आच, झाकण उघडं. मिनिटा-दोन मिनिटांत मधल्या नळीतून काकवीसारखी काळीभोर धार उतरू लागते आणि घरभर वास सुटतो. मग धार फिकी होते, आणि शेवटी भांडं गुळण्या करायला लागतं. त्या गुळण्यांच्या आधी गॅस बंद झाला पाहिजे. अर्धं मिनिट उशीर, की कॉफीचा काढा. सर्दीला चालेल.

म्हणजे तिथे उभं राहिलं पाहिजे. पेपर वाचत नाही, फोनवर नाही; उभं, कान टवकारून. हे मी सौ.ला एखादा शोध लावल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, चहाचं आधण, दूध, भात, उतू जाणाऱ्या प्रत्येक पातेल्यापाशी एकतीस वर्षं कोण उभं आहे?" परीक्षक या नात्याने मी या वाक्याची नोंद घेतली.

पण स्वस्ताईचं गुपितही तिथेच आहे. माझ्या एका मित्राकडे खरं यंत्र आहे, किंमत पाऊण लाख. त्यात पंप आहे, उष्णता सांभाळणारी यंत्रणा आहे, वेळ मोजायची सोय आहे. तो बटण दाबतो आणि दाढीला जातो. माझ्या भांड्यात यातलं काही नाही. पंपाचं काम वाफ करते आणि बाकीची सगळी यंत्रणा म्हणजे शेगडीपाशी उभा असलेला मी. खेळण्याच्या खोक्यावर 'सेल वेगळे' असं छापतात, तसं यावर 'उभा राहणारा माणूस वेगळा' असं छापायला हवं होतं. ती तिसरी थाप, न छापलेली.

एवढं असून घ्यावं का? घ्यावं. दोघांसाठी सहा कपांचं घ्या, म्हणजे खरोखर दोघांना पुरेल, आणि ते जाळीवरून घसरतही नाही म्हणे. रबर मात्र दोन जास्तीची. मला माझ्या मापाचं रबर शेवटी कुकर दुरुस्त करणाऱ्याने कापून दिलं, वीस रुपयांत. तेव्हापासून एक थेंब बाहेर येत नाही. सकाळी सहाला मी जाळीसमोर उभा असतो, आणि आतून आवाज येतो, "तिथे उभेच आहात तर शेजारच्या बर्नरवर माझ्या चहाचं आधण ठेवा. आलं ठेचून."