मुखपृष्ठावरचे काजू

मराठीत कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर पहिल्या अंकाच्या चहातच होते. पण जे वाङ्मय आपण रोज पैसे मोजून घरी आणतो, दोन वेळा हाताळतो आणि बहुधा न वाचताच केराच्या डब्यात टाकतो, त्याची समीक्षा कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. मी खाद्यपदार्थांच्या पाकिटांबद्दल बोलतो आहे. बिस्किटांचे पुडे, सरबतांच्या बाटल्या, तयार उपम्याचे पीठ, ‘आजीच्या हातची चव’ असलेले मसाले. (आजीचे हात इतक्या टनांवारी मसाल्यात कसे फिरतात, हा एक प्रश्नच आहे, पण असो.) आमचे थोर समीक्षक इकडे वळेपर्यंत हे काम एका बँकेतल्या कारकुनाने केले तर कुणाची हरकत नसावी. माझी पात्रता एवढीच, की मी बी.कॉम. आहे आणि बारीक टायपातला मजकूर वाचण्याचाच मला पगार मिळतो.

या वाङ्मयाला मुखपृष्ठ असते आणि मलपृष्ठ असते. दोन्हींचा लेखक एक नसावा, एवढेच नव्हे तर दोघांची ओळखही नसावी, अशी मला दाट शंका आहे. फडके आणि खांडेकर यांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद आपण कॉलेजात ऐकला होता. तो मिटला असे कुणी म्हणत असेल तर त्याने बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून पाहावा. पुढून फडके, मागून खांडेकर.

मुखपृष्ठाची भाषा काव्यमय. ‘निसर्गाचा खजिना.’ ‘शुद्धतेची परंपरा.’ ‘शेतातून थेट तुमच्या ताटात.’ बारकाईने पाहिले तर या वाक्यांत क्रियापदच नसते. ही शैलीची हौस नव्हे, ही वकिलाची सूचना असणार. क्रियापद नसलेल्या वाक्याला खोटे कसे म्हणणार? ‘शुद्धतेची परंपरा’ म्हटले. परंपरा आहे की होती, की शेजारच्या कारखान्यात आहे, हे कुठे म्हटले? आणि चुकूनमाकून एखादे क्रियापद आलेच, तर त्याच्या डोक्यावर एक चांदणी असते. ही चांदणी आमच्याही धंद्यात फार. व्याजाच्या दराच्या पोस्टरवर जे हसरे जोडपे असते, ते चांदणीच्या खालचा मजकूर वाचायच्या आधी काढलेल्या फोटोतले असते.

पण या वाङ्मयाचा खरा नायक म्हणजे चित्र. उपम्याच्या पाकिटावर तो उपमा असा काही वाफाळत असतो, की पाकीट हाताला गरम लागावे. वर कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड, मध्ये सोनेरी काजू, तेही पाकळी नव्हे, अख्खे. आणि त्या काजूच्या पायथ्याशी, मुंगीने चालता चालता लिहावे अशा अक्षरांत इंग्रजीत छापलेले असते : चित्र केवळ कल्पनेसाठी.

जाहिरातीतले अन्न खाण्यासाठी नसतेच मुळी. फोटो काढणारे लोक दुधाऐवजी पांढरा गोंद ओततात, आइस्क्रीमच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवतात, फळांवर दवबिंदू म्हणून ग्लिसरीन शिंपडतात. अमेरिकेत कॅम्पबेल नावाच्या सूपच्या कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस तर कमालच केली. सूपमधल्या भाज्या बुडाशी बसतात, फोटोत दिसत नाहीत. म्हणून त्यांनी वाडग्याच्या तळाशी चक्क काचेच्या गोट्या घातल्या. भाज्या वर आल्या, सूप दाट दिसू लागले. तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने हे प्रकरण धसाला लावले आणि कंपनीला पुन्हा असे न करण्याचे कबूल करावे लागले. मला त्या प्रकरणात गंमत ही वाटते, की सूपमध्ये भाजी नव्हती असे कुणाचेच म्हणणे नव्हते. भाजी खरी होती, सूप खरे होते, गोट्यासुद्धा खऱ्या होत्या. खोटे एकच होते, ते म्हणजे आपली झालेली समजूत.

आता इथे मला माझे बी.कॉम. बाहेर काढावे लागते. मालविक्रीचा एक कायदा आहे, १९३० सालचा. परीक्षेला हमखास येत असे. त्याचे कलम १५ म्हणते, वर्णन करून माल विकलात तर माल वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम १७ म्हणते, नमुना दाखवून विकलात तर माल नमुन्याशी जुळला पाहिजे. इतके सरळ, की पेपरात या प्रश्नाला भरपूर मार्क मिळत. आमच्या कोपऱ्यावरचा फरसाणवाला हे कलम १७ न वाचता पाळतो. चिवड्याची चिमूट तळहातावर ठेवतो, आपण तोंडात टाकतो, मान हलवतो, मग तो काटा लावतो. वडापावच्या गाडीवर तर नमुना आणि माल एकाच कढईत पोहत असतात. पाकिटावरचे चित्र मात्र कुठल्या कलमात बसवायचे? कंपनी म्हणते, हे वर्णन नाही, ही कल्पना आहे. नमुनाही नाही, ही सजावटीची सूचना आहे. म्हणजे काजू तुम्ही आणायचे, कोथिंबीर तुम्ही आणायची, कौतुक मात्र पिठाचे.

आकड्याला निदान जाब विचारता येतो. तमिळनाडूत तिरुवळ्ळूरच्या ग्राहक आयोगापुढे एक प्रकरण गेले होते. पुड्यावर १६ बिस्किटे लिहिली होती, आत १५ निघाली. कंपनी म्हणाली, आम्ही वजनावर विकतो, मोजून नव्हे. पुडे काट्यावर चढवले, तर वजनही कमीच भरले. २०२३ साली आयोगाने एका बिस्किटापायी एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आमच्या हेडकॅशियरांना मी ही बातमी दाखवली तेव्हा ते गहिवरले. ‘काउंटर सोडण्यापूर्वी मोजून घ्यावे’ ही पाटी त्यांच्या डोक्यावर आयुष्यभर टांगलेली, आणि शेवटी कुणीतरी मोजले! पण समजा, त्या पुड्यावर १६चा आकडा नसता, नुसते सोळा बिस्किटांचे चित्र असते, तर? मग ती कल्पना ठरली असती.

फळांच्या रसाचे प्रकरण असेच आहे. बाटलीवर आंबा असा, की देवगडच्या माणसाने उठून नमस्कार करावा. साहित्यशास्त्रात नऊ रस सांगितले आहेत. बाटलीत मात्र रस किती असावा याचे गणित वेगळे आहे. ‘फळाचे पेय’ म्हणवून घ्यायला आपल्याकडे कमीत कमी १० टक्के फळ पुरते, लिंबू असेल तर ५ टक्केच. दहा टक्क्यांत पास करणारे विद्यापीठ मला विद्यार्थिदशेत सापडले असते, तर मी आज मॅनेजर असतो. त्यातूनही जो आंबा असतो तो पुष्कळदा तोतापुरी, कारण गर भरपूर आणि भाव स्वस्त. चित्राला मात्र हापूस बसतो. आणि ‘शंभर टक्के रस’ लिहिलेल्या बाटल्यांचे म्हणाल, तर रस आटवून, मग त्यात पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसावर ‘शंभर टक्के’ लिहू नका, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४मध्ये बजावावे लागले. शंभर टक्के म्हणजे किती, हे सरकारने सांगावे लागते, तिथे आमच्यासारख्या आकडेमोड करणाऱ्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहायचे?

दोन मिनिटांत होणाऱ्या पदार्थांवर मी फार लिहीत नाही. पाणी उकळायला लागणारा वेळ हा त्या कथेचा पूर्वेतिहास समजावा आणि पुढे जावे.

मलपृष्ठाबद्दल मात्र माझे मत चांगले आहे. तिथे अलंकार नाही, फापटपसारा नाही. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे, असा नियम आहे. भागधारकांची यादीच म्हणा ना. पहिल्या दोन नावांत कंपनी कुणाची ते कळते. अर्थात इथेही आमच्या ओळखीचे एक पात्र भेटते, बेनामी खातेदार. साखर एकाच नावाने आली तर वरच्या क्रमांकावर बसेल, म्हणून ती थोडी साखर, थोडे इन्व्हर्ट सिरप, थोडे लिक्विड ग्लुकोज, थोडे माल्टोडेक्स्ट्रिन अशा चार नावांनी खाती उघडते आणि प्रत्येक खात्यात शिल्लक बेताची दाखवते. तरी पण लिहिलेले असते खरे. ज्याला वाचता येते त्याच्याशी मलपृष्ठ लबाडी करत नाही.

ज्याला वाचता येते त्याच्याशी. माझी आई सातवी पास आहे. मराठी वर्तमानपत्र अग्रलेखापासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचते आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मला संध्याकाळी ऐकवते. तिला साखरेचा त्रास. चहाबरोबर साधे बिस्किट नको म्हणून ती एक अनेक धान्यांचे बिस्किट आणवत असे. पुड्यावर गव्हाच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, मागे उगवता सूर्य. सकाळी तीन, दुपारी तीन, औषध घ्यावे तशा निष्ठेने. रक्त तपासले की आकडा वर. डॉक्टर विचारणार, गोड खाता का? आई म्हणणार, शपथेवर नाही. आणि ते खरेच होते. पुड्याच्या पुढच्या बाजूला गोड असे काहीच नव्हते.

एके दिवशी तिने आमच्या चिरंजीवांना पुढ्यात बसवले. हे इंग्रजी माध्यमात. “त्या मागच्या मुंग्या वाच बघू,” म्हणाली. त्याने वाचले. मैदा, मग खाद्यतेल, मग साखर, मग साखरेचे दोन भाऊबंद, आणि पार शेवटी मीठ-सोड्याच्या शेजारी ओट, ज्वारी, नाचणी, एकेक टक्का. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे नाचणीला पंक्तीला बोलावलंय नुसतं. वाढलेलं नाही.”

मला वाटते, या वाङ्मयावर याहून नेमकी टीका कुणी केलेली नसेल. आणि टीकेचा मुद्दाही तिथेच आहे. चित्राला भाषा लागत नाही. लोंबी मराठीत कळते, कानडीत कळते, शाळेत न गेलेल्यालाही कळते. साखर मात्र इंग्रजीत असते. कायद्याने मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत दिला की भागते; मराठीत द्यायला बंदी नाही, सक्तीही नाही, आणि सक्ती नसलेले काम कोण करतो हे बँकेतल्या माणसाने सांगायला नको. म्हणजे थाप सर्वांना कळेल अशी आणि खुलासा थोड्यांना दिसेल असा. चष्मा लावूनसुद्धा न दिसेल अशा आकाराचा, हे आणखी.

आमच्या पुण्याच्या पाट्यांना लोक हसतात. पण जाहिरातीचे खरे अभिजात मराठी वाङ्मय म्हणजे त्या पाट्याच. ‘आमची कोठेही शाखा नाही.’ ‘माल संपल्यावर दुकान बंद.’ कर्ता आहे, क्रियापद आहे, चांदणी नाही. न मिळणाऱ्या गोष्टी आधी सांगून मोकळे. या एका ओळीपुढे मला ‘निसर्गाचा खजिना’ फिका वाटतो.

आईने ते बिस्किट बंद केले. आता दुपारी ज्वारीच्या लाह्या खाते. त्या पारदर्शक पिशवीत येतात, वर चित्र नसते. मात्र घरात येणारे प्रत्येक पाकीट आधी नातवापुढे वाचनासाठी ठेवले जाते आणि ती डोळे मिटून कीर्तन ऐकावे तशी ऐकते. परवा उपम्याचे पाकीट होते, तेच, अख्ख्या काजूंचे. चिरंजीवांनी रव्यापासून हिंगापर्यंत सगळे वाचले. काजू आला नाही. आईने विचारले, “नीट बघ राजा, कुठे काजू म्हटलंय का?” त्याने पाकीट उजेडात धरले आणि अगदी तळची ओळ शोधून काढली. हा पदार्थ जिथे तयार होतो तिथे काजू-बदामही हाताळले जातात, त्यांचा अंश यात असू शकेल.

“म्हणजे,” आई म्हणाली, “करणाऱ्यानं खाल्ले असतील.”