कड्यापासून किती दूर?

समुद्रकाठच्या कड्यावर घर बांधायचे तर ते काठापासून किती अंतरावर असावे? प्रश्न नगरपालिकेचा वाटतो. पण त्याचे उत्तर काढायला भूविज्ञान लागते, बलांचा विचार लागतो आणि साधी बेरीजही लागते. यातले एखादे सुटले की नियम कसा लंगडा पडतो, हे कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास या गावाच्या उदाहरणावरून पाहू.

सॅन दिएगोच्या उत्तरेला असलेल्या या गावाचे कडे मऊ वालुकाश्माचे आहेत. खालून लाटा पायथा पोखरतात, वरून पावसाचे आणि बागांना घातलेले पाणी मुरते. मग एखाद्या दिवशी मोठा तुकडा एकदम सुटतो. २ ऑगस्ट २०१९ रोजी तेथील पुळणीवर एकाच कुटुंबातील तीन स्त्रिया अशा दरडीखाली सापडून मरण पावल्या.

गावाचा नियम असा: काठापासून निदान ४० फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर, मागे बांधावे, शिवाय घर त्याच्या आयुष्यभर सुरक्षित राहील असा भूवैज्ञानिक अहवाल द्यावा. यातले दुसरे वाक्य खरे महत्त्वाचे. पण लक्षात राहतो तो आकडा! एका जागामालकाची ४० फुटांवरची योजना गावाने मान्य केली. राज्याच्या किनारा आयोगाने मात्र ६० ते ६२ फूट मागे जाण्यास सांगितले. वाद न्यायालयात गेला.

वादाचे मूळ गणितात होते. पहिले अंतर आजच्या कड्याच्या स्थैर्याचे. दरडीला खाली ओढणाऱ्या बलाच्या दीडपट रोधक बल जिथे मिळते, तिथपर्यंत मागे सरकायचे. दुसरे अंतर धुपेचे. कडा वर्षाला १० सेंटिमीटर मागे हटतो असे मानले, तर ७५ वर्षांत तो साडेसात मीटर हटेल. या दोहोंपैकी मोठे अंतर घ्यावे, असे मालकाच्या बाजूचे म्हणणे. आयोग म्हणाला, दोन्हींची बेरीज करा. कारण ७५ वर्षांनंतरही घरापुढे स्थिर जमीन उरली पाहिजे. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचे म्हणणे उचलून धरले. आमच्या मते ते शास्त्राला धरूनच आहे. आक्षेप आहे तो नियमाच्या भाषेवर. बेरीज करायची हे तिथे स्वच्छ लिहिलेले असते, तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

धूप थांबवायला भिंत बांधावी, असे कोणी म्हणेल. भिंतीने घर वाचते, पण समुद्र पुढे येतच राहतो आणि कड्यातून पुळणीला मिळणारी वाळूही बंद होते. पुळण अरुंद होत जाते. एकाच्या घराची किंमत सगळा गाव देतो. म्हणून तेथील १९७६ च्या किनारा कायद्याने नवे घर भिंतीच्या आधाराशिवाय टिकेल अशाच जागी बांधण्याची अट घातली आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १९९१ च्या अधिसूचनेपासून आपण अंतर मोजतो ते भरतीरेषेपासून. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा दाट वस्तीत ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर आहे. सपाट पुळणीवर ही रीत समजण्यासारखी आहे. पण कोकणात जिथे जांभ्याचा कडा सरळ समुद्रात उतरतो, तिथे भरतीरेषा पायथ्याशी आणि घर माथ्यावर! मधला कडा किती उंच आहे, कठीण जांभ्याखाली मऊ चिकणमातीचा थर आहे का, तो किती झिजला आहे, हे त्या अंतराला कळत नाही. धूप आणि समुद्रपातळीची वाढ लक्षात घेणारी धोकारेषा आखलेली आहे. पण ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरती. बांधकामाची हद्द तिच्यावरून ठरत नाही. माहिती हाताशी असून तिचा उपयोग न करणे आम्हाला अधिक खटकते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पसरट तबकात ओल्या वाळूचा कडा रचा, काठापासून चार बोटांवर खडूचे घर ठेवा आणि पायथ्याशी हळूहळू पाणी हलवा. मग मुलांना विचारा, घर आता काठापासून किती बोटे दूर आहे? घर हललेले नाही, अंतर मात्र बदलले. हे ज्या मुलांना उमगेल, ती उद्या ग्रामसभेत योग्य प्रश्न विचारतील.