आबालालांचा उजेड : एका बिरुदाची फेरतपासणी

आबालाल रहिमान यांची ओळख करून देताना त्यांना ‘भारतीय इम्प्रेशनिस्ट’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मीही तसेच लिहीत आलो. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रे समोरून पाहिली आणि हे बिरुद मला तपासून घ्यावेसे वाटले.

मी कलाशाळेत शिकलेलो नाही. किनवटसारख्या गावात चित्रकला भेटते ती छापील पानांतून, आणि छपाईत उजेडाचा नुसता पिवळा रंग होतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे चित्रकाराने कोरा राखलेला कागद. अपारदर्शक रंगात तोच उजेड पांढरा मिसळून वरून ठेवावा लागतो. आबालालांनी दोन्ही पद्धती हाताळल्या. हा फरक मूळ चित्रापुढे उभे राहिल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही.

आता बिरुदाकडे येऊ. मोने व त्यांच्या मित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरले. त्यांच्या चित्रांत उजेड वस्तूची कडा विरघळवतो. सावलीही निळी-जांभळी होते. आबालाल शिकले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तिथली शिस्त ब्रिटिश वळणाची : आधी रेखाटन, मग छायाप्रकाशाच्या पायऱ्या. त्यांच्या निसर्गचित्रांत ही शिस्त टिकून आहे. धुके असो की संध्याकाळ, दगड दगडच राहतो, पाण्याला वजन असते. उत्तरकाळात कुंचला मोकळा झाला हे खरे, आणि बिरुद चिकटले तेही त्यामुळेच. पण मोकळा फटकारा दिसला की फ्रान्सची आठवण काढायची, ही आपली सवय झाली आहे.

मला या उजेडाचे मूळ दुसरीकडे दिसते. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळालेला हा चित्रकार १९३१ साली मृत्यू येईपर्यंत कोल्हापूरशीच बांधलेला राहिला. रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगा हेच त्याचे विषय. तेच तळे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याला तळे पाठ होते. उरतो तो वेळेवेळेचा फरक. सूर्य त्याला फारसा लागत नाही. पाण्यावरून, ओल्या हवेतून परतून आलेला उजेड त्याला पुरतो. सह्याद्रीच्या पावसाशेजारचे गाव असल्यावाचून असा उजेड मिळत नाही.

हे मला किनवटला परतल्यावर पटले. आमच्या पैनगंगेकाठी चैत्रात साग निष्पर्ण होतो आणि ऊन थेट जमिनीवर आदळते. मधल्या छटा जवळजवळ नाहीतच. आबालालांची रीत इथे जशीच्या तशी लावली तर चित्र खोटे पडेल. या उन्हाला इथेच मुक्काम ठोकणारा चित्रकार हवा.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. कागदावरचे जलरंग उजेडानेच फिके पडतात. म्हणून संग्रहालयशास्त्रात अशा चित्रांसाठी साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश योग्य मानतात. दालन अंधारे वाटले तर तक्रार करू नये, डोळे सरावेपर्यंत थांबावे. ज्याने आयुष्यभर उजेड रंगवला, त्याची चित्रे मंद प्रकाशातच पाहावी लागतात. छापील पानावर समाधान न मानता ती पाहून यावीत, एवढेच माझे सांगणे.