डब्यात ठेवलेले चित्रपट : ताळेबंदाचा निकाल आणि समीक्षेचा अधिकार

‘चित्रपट डब्यात गेला’ हा मुंबईच्या चित्रव्यवसायातील जुना वाक्प्रयोग होय. पैसा संपला, निर्माता आणि नट यांच्यात बेबनाव झाला, सावकाराने निगेटिव्हवर हक्क सांगितला किंवा सेन्सॉरने अडविले, अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने प्रदर्शनापर्यंत न पोहोचलेल्या चित्रपटाबद्दल तो वापरला जातो. त्यात हळहळ अभिप्रेत असते, कारण डब्यात जाणे हा अपघात मानला जातो. गेल्या काही वर्षांत हॉलिवूडमध्ये घडलेला प्रकार मात्र या वाक्प्रयोगात बसत नाही. तेथे पैसा होता, वितरणाची यंत्रणा होती, कोणाचा मनाईहुकूम नव्हता. चित्रपट तयार होता किंवा तयार होण्याच्या अगदी जवळ होता आणि तो कोणालाही दाखवावयाचा नाही असे त्याच्या मालकानेच विचारपूर्वक ठरविले. या निर्णयामागील हिशेब कोणता आणि तो समीक्षेच्या क्षेत्रात कसा शिरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘बॅटगर्ल’. आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह या दिग्दर्शकद्वयाने ग्लासगो येथे चित्रित केलेला, लेस्ली ग्रेस हिची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट एचबीओ मॅक्स या घरबसल्या पाहण्याच्या सेवेसाठी काढण्यात आला होता. खर्च सुमारे ९ कोटी डॉलर. एप्रिल २०२२ मध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी यांचे विलीनीकरण होऊन वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही कंपनी अस्तित्वात आली. तिच्या डोक्यावर ५,००० कोटी डॉलरहून अधिक कर्ज होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘बॅटगर्ल’ प्रदर्शित होणार नाही असे जाहीर झाले. चित्रीकरण पूर्ण झाले होते, संकलन सुरू होते, चाचणी खेळही झाला होता. आपल्या चित्रपटातील दृश्ये जतन करण्याच्या विचाराने दिग्दर्शकांनी कंपनीच्या सर्व्हरकडे धाव घेतली, तेव्हा तेथे त्यांना काहीही मिळाले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. त्याच दिवशी ‘स्कूब! हॉलिडे हाँट’ हा सुमारे ४ कोटी डॉलर खर्चाचा ॲनिमेशनपटही रद्द करण्यात आला. त्याचे पार्श्वसंगीत तर रद्द झाल्यानंतर ध्वनिमुद्रित झाले, कारण ध्वनिमुद्रणगृहाचे पैसे आधीच भरलेले होते. कोणी कधी ऐकणार नाही हे ठाऊक असताना वादकांनी ते वाजविले.

करसवलतीचे अर्धसत्य

या घटनांचे स्पष्टीकरण वृत्तपत्रांनी एका शब्दात दिले : करसवलत. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु अपुरे आहे. आणि वाणिज्य शाखेतील सहकाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात येईल. अमेरिकेत कंपन्यांवरील संघीय कराचा दर २०१८ पासून २१ टक्के आहे. ९ कोटी डॉलरची मत्ता पूर्णपणे निर्लेखित केली, तर वाचणारा कर साधारण १ कोटी ९० लाख डॉलर होतो. म्हणजे रुपयातले जेमतेम वीस-एकवीस पैसे परत येतात. शिवाय चित्रपट प्रदर्शित केला असता, तरी त्याचा निर्मितिखर्च उत्पन्नाच्या प्रमाणात काही वर्षांत करपात्र नफ्यातून वजा झालाच असता. निर्लेखनाने ही वजावट एकदम आणि लवकर मिळते, एवढाच खरा फरक. त्याची किंमत मात्र जबर आहे. मत्ता निरुपयोगी झाली म्हणून सोडून दिली असे एकदा जाहीर केल्यावर तिच्यापासून पुढे उत्पन्न मिळविता येत नाही. चित्रपट दाखविला की सोडून देण्याचा दावाच कोसळतो. थोडक्यात, त्याचे मोल तो अदृश्य राहण्यातच साठविलेले असते.

मग एवढ्या अल्प लाभासाठी हा मार्ग का पत्करावा? येथे मोठ्या खर्चाच्या चित्रपटाचे गणित पाहावे लागते. चित्रपटगृहात विकल्या गेलेल्या तिकिटाचा साधारण निम्मा पैसा चित्रगृहमालकाकडे राहतो. परदेशांत, विशेषतः चीनमध्ये, निर्मात्याचा वाटा आणखी कमी असतो. जाहिरातीचा खर्च निर्मितिखर्चात धरलेला नसतो. म्हणूनच निर्मितिखर्चाच्या सुमारे अडीचपट तिकीटविक्री झाल्याखेरीज चित्रपट सुटला असे म्हणू नये, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. समजा, ‘बॅटगर्ल’ चित्रपटगृहांत आणण्यासाठी जाहिरातीवर ५ कोटी डॉलर खर्चिले असते. तर एकूण १४ कोटी वसूल होण्यासाठी २८ कोटींची तिकीटविक्री हवी होती. हा आकडा भीतिदायक आहे खरा. परंतु अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ असा की बुडालेला खर्च पुढील निर्णयात धरावयाचा नसतो. ९ कोटी तर गेलेच होते. प्रश्न नव्या ५ कोटींचा होता आणि ते १० कोटींच्या तिकीटविक्रीत निघाले असते. ज्या घरगुती सेवेसाठी चित्रपट काढला होता, तेथे तो दाखविण्यास उरलेल्या तांत्रिक कामाखेरीज फारसा खर्चही नव्हता. निव्वळ नफ्या-तोट्याच्या तर्काने पाहिले, तर प्रदर्शनाचे पारडे अगदीच हलके नव्हते.

ते पारडे हलके ठरविणारी गोष्ट माझ्या मते वेगळी आहे. विलीनीकरणानंतर नवा मालक जुन्या मत्तेचे पुनर्मूल्यांकन करतो आणि त्या काळात दाखविलेली घट ‘पुनर्रचनेचा खर्च’ या स्वतंत्र सदरात टाकता येते. ती घट जुन्या व्यवस्थापनाच्या खाती जमा होते; नव्याच्या कर्तृत्वावर तिची सावली पडत नाही. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने डिसेंबर २०२२ मध्ये आशयसामग्रीच्या मूल्यघटीचा व निर्लेखनाचा जो अंदाज जाहीर केला, तो २८० ते ३५० कोटी डॉलरचा होता. त्यासमोर ‘बॅटगर्ल’चे ९ कोटी ठेवले, तर ते तीन टक्क्यांच्या आसपास भरतात. एवढ्या मोठ्या साफसफाईत एक चित्रपट म्हणजे केरातली एक काडी. पूर्वीच्या व्यवस्थापनाने २०२१ मध्ये आपले सर्व चित्रपट चित्रपटगृहांत आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आणण्याचे धोरण राबविले होते. डेव्हिड झास्लाव यांच्या नव्या व्यवस्थापनाला ते मोडावयाचे होते. ‘बॅटगर्ल’ चित्रपटगृहासाठी लहान आणि घरगुती सेवेसाठी महाग ठरला. तो वाईट होता की चांगला, हा प्रश्न या विचारात कोठेच येत नाही.

घरगुती सेवेचे अर्थकारणच याला अनुकूल आहे. चित्रपटगृहात लागलेल्या चित्रपटाच्या नावे उत्पन्नाचा ठोस आकडा असतो. वर्गणीच्या सेवेत अमुक चित्रपटामुळे किती वर्गणीदार आले वा टिकले हे अदमासानेच ठरते. खर्च नेमका आणि उत्पन्न अंदाजी, अशा वस्तूचे मूल्य धोरण बदलताच शून्यावर आणणे सोपे जाते. डिस्नेने २०२३ मध्ये आपल्या सेवेवरून अनेक कृती काढून टाकल्या व १५० कोटी डॉलरची मूल्यघट दाखविली. त्यांतील ‘क्रेटर’ हा चित्रपट त्याच वर्षी मे महिन्यात आला होता आणि दोन महिन्यांच्या आत दिसेनासा झाला.

निकाल कोणाचा?

पुढे जानेवारी २०२३ मध्ये, त्या विभागाचे नवे प्रमुख पीटर सॅफ्रन यांनी ‘बॅटगर्ल’ प्रदर्शनयोग्य नव्हता असे विधान केले. समीक्षकाच्या दृष्टीने या सर्व प्रकरणातील कळीचा मुद्दा हाच आहे. हिशेबवहीतील निर्णयाला येथे रसिकतेच्या निर्णयाचे वस्त्र नेसविले गेले, आणि तो निर्णय पडताळून पाहण्याचे साधन मात्र निर्णय देणाऱ्यानेच काढून घेतले. याच कंपनीने जून २०२३ मध्ये ‘द फ्लॅश’ हा सुमारे २० कोटी डॉलर खर्चाचा चित्रपट वाजतगाजत आणला. जगभरची तिकीटविक्री २७ कोटींच्या थोडी पुढे थांबली. वरील ठोकताळा लावला, तर हा तोटा ‘बॅटगर्ल’च्या संपूर्ण निर्मितिखर्चाशी स्पर्धा करील. मायकेल कीटनचा बॅटमन दोन्ही चित्रपटांत होता. एक चित्रपट जगाने पाहून नाकारला. दुसऱ्याला नाकारले जाण्याची संधीही मिळाली नाही. पहिल्याच्या नशिबात निदान समीक्षा होती.

जुन्या हॉलिवूडमध्ये अपयश अधिक क्रूर असे, पण ते उघड्यावर घडत असे. मायकेल चिमिनो यांच्या ‘हेव्हन्स गेट’ या १९८० च्या चित्रपटावर सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेतील उत्पन्न ३५ लाखांच्या आसपास राहिले. समीक्षकांनी त्याची लक्तरे केली, चित्रपट मागे घेऊन पुन्हा कापण्यात आला, युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी विकली गेली. मात्र निगेटिव्ह राहिली, प्रती राहिल्या, वादही राहिला. २०१२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची पुनरुज्जीवित आवृत्ती दाखविली गेली आणि पूर्वीच्या निकालाचा फेरविचार होऊ शकला. प्रत्येक पडेल चित्रपट कालांतराने थोर ठरतो असे मुळीच नव्हे. बहुतेक पडेल चित्रपट पडण्याच्याच लायकीचे असतात, आणि ‘बॅटगर्ल’ त्यांतलाच असण्याचा संभव मोठा आहे. तथापि फेरविचार हा समीक्षेचा श्वास आहे आणि त्याला वस्तू समोर असावी लागते.

मूकपटांचा इतिहास येथे आठवल्यावाचून राहत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत निघालेल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. आग, साठवणुकीचा खर्च, फिल्ममधील चांदी, अशी त्याची अनेक कारणे होती. बोलपट आल्यावर या रिळांना काही किंमत राहील असे त्या मालकांना वाटलेच नाही. त्यांना अज्ञानाचा फायदा देता येतो. आजच्या कंपन्यांना तो कसा द्यावा? शंभर वर्षांच्या जुन्या संग्रहांवर तर त्यांचा निम्मा डोलारा उभा आहे.

‘कायोटी वर्सेस ॲक्मी’चे प्रकरण या प्रथेची दुसरी बाजू दाखविते. सदोष माल पुरविणाऱ्या ॲक्मी कंपनीविरुद्ध वाइली कायोटी न्यायालयात जातो, अशी त्याची कथा. महाकाय कंपनीने गाडून टाकण्यास याहून समर्पक कथा सापडणे कठीण. सुमारे ७ कोटी डॉलर खर्चाचा हा पूर्ण झालेला चित्रपट नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा चित्रपटव्यवसायात असा गदारोळ उठला की कंपनीला तो इतरांना विकण्याची मुभा द्यावी लागली. विम्याच्या पैशासाठी इमारत पेटविण्याशी अमेरिकी काँग्रेसचे सदस्य वाकीन कास्ट्रो यांनी या कृत्याची तुलना केली. अखेर मार्च २०२५ मध्ये केचम एंटरटेनमेंटने तो घेतला. वृत्तानुसार सौदा ५ कोटी डॉलरच्या आसपास झाला, आणि २८ ऑगस्ट २०२६ ही प्रदर्शनाची तारीख जाहीर करण्यात आली. करातील बचतीची रक्कम कोणत्याही रीतीने मांडली, तरी ५ कोटी तिच्यापेक्षा अधिकच भरतात. म्हणजे विकणे हा व्यवहार्य पर्याय पहिल्यापासून होता. फक्त तो शोधण्यास भाग पाडावे लागले.

निर्लेखनामुळे बुडालेला कर सरकारी तिजोरीतून जातो. तेव्हा ज्या चित्रपटाचा तोटा कंपनीने करातून वजा करून घेतला, त्याची एक प्रत सार्वजनिक अभिलेखागारात जमा करण्याची अट घालणे न्याय्य होईल. व्यापारी प्रदर्शन नको. अभ्यासकाला पाहता यावे, एवढेच.

आपल्याकडील स्थिती

भारतात या प्रश्नाचे रूप निराळे आहे. दिबाकर बॅनर्जी यांचा ‘तीस’ हा चित्रपट नेटफ्लिक्ससाठी तयार झाला. श्रीनगर, मुंबई आणि भविष्यकालीन दिल्ली अशा तीन काळांत एका काश्मिरी मुस्लिम कुटुंबाची कथा तो सांगतो. नेटफ्लिक्सने तो प्रदर्शित केला नाही. येथे कारण कराचे नव्हते. ही प्रदर्शनाची योग्य वेळ आहे की नाही याविषयी कंपनी साशंक होती, असे दिग्दर्शकाने मुलाखतींतून सांगितले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये धरमशाला येथील महोत्सवात तो दाखविला गेला, एवढेच. सेन्सॉरने नाकारलेल्या चित्रपटाच्या निर्मात्याला निदान लेखी आदेश मिळतो व त्यावर न्यायालयात जाता येते. मालकाच्या मौनाविरुद्ध अपील नाही.

कायदा पाहू गेल्यास निराशाच पदरी पडते. अमेरिकेच्या १९९० च्या दृश्यकलाविषयक कायद्याने कलावंताला काही नैतिक हक्क दिले, पण त्यातून चित्रपट वगळले. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५७ अधिक उदार आहे. विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकले, त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या कलमाचा आधार घेऊन, कलाकृती नष्ट करणे हाही कर्त्याच्या हक्काचा भंग होऊ शकतो असे मानले. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार कृती प्रदर्शित न करणे हा हक्कभंग ठरत नाही. शिवाय या कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद होती. २०१२ मध्ये कायदा संमत झाला, तेव्हा ती गळालेली होती. ती राहिली असती, तरी तिने कोणताही चित्रपट डब्याबाहेर काढता आला नसता; फार तर डबा जाळण्यास मज्जाव करता आला असता.