फरशीवरचा ठिपका

रोममधल्या सांत इन्यात्सियो चर्चमध्ये हल्ली एक तिरका आरसा ठेवलेला असतो आणि त्याच्यापुढे रांग असते. आरशात छत दिसतं, छताखाली तुम्ही दिसता, फोटो निघतो, रांग पुढे सरकते. असला एखादा फोटो तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल. भिंती छतापाशी थांबतच नाहीत, खांबांवर खांब चढत जातात, मध्ये आकाश उघडतं आणि संत, देवदूत, ढग सगळे त्यात ओढले जातात. प्रत्यक्षात वर आहे ते उभ्या कापलेल्या नळीसारखं एक साधं वळतं छत. बाकी सगळा रंग.

या फोटोंबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की ते फार बरोबर येतात.

आंद्रेया पोत्सोनं हे छत १६९४ पर्यंत पुरं केलं. चर्चच्या फरशीत एक गोल संगमरवरी चकती बसवली आहे. तिच्यावर उभं राहिलात तर वरची इमारत सरळ उभी राहते. दहा पावलं बाजूला झालात की खांब कलायला लागतात, आणखी पुढे गेलात तर अख्खा मजला अंगावर येतोय असं वाटतं. फोटो काढणारे चकतीवरून काढतात, त्यामुळे आपल्याला फक्त उभी इमारत दिसते, पडणारी दिसत नाही. आणि माझ्या मते या छताचा निम्मा अर्थ त्या पडण्यात आहे.

बरोक कलेबद्दलची ठरलेली गोष्ट बहुतेकांना माहीत असते. प्रोटेस्टंटांनी चर्चमधली चित्रं उतरवली, भिंतींना चुना फासला. कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या धर्मसभेत (१५४५ ते १५६३) आपली बाजू सावरली आणि मग सोनं, संगमरवर, नाट्यमय उजेड यांचा मारा करून भाविकांना परत खेचलं. थोडक्यात, बरोक म्हणजे धर्मसंस्थेचं मार्केटिंग. हे खोटं नाही, पण हे म्हटलं की माणूस वर बघायचं थांबतो. १५६३ चा प्रतिमांविषयीचा ठराव शैलीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. चित्रं ठेवा, मान चित्राला नसून चित्रातल्या व्यक्तीला आहे हे लोकांना शिकवा, भोळ्या माणसाची दिशाभूल होईल असं काही ठेवू नका, असा त्याचा साधारण सूर. शिवाय जाहिरात कुठूनही दिसावी लागते. हायवेवरचं होर्डिंग एकाच लेनमधून वाचता आलं तर एजन्सीची नोकरी जाईल. पोत्सोचं छत नेमकं तसं आहे.

ही इमारत कुणाची होती ते बघू. इग्नेशियस लोयोला हा जेझुइट संघाचा संस्थापक. १६२२ साली, एकाच दिवशी, तो, गोव्यात ज्याचं शव आहे तो फ्रान्सिस झेवियर आणि आविलाची तेरेसा यांना संतपद मिळालं. चार वर्षांनी या चर्चची पायाभरणी झाली. शेजारीच जेझुइटांचं कोलेजिओ रोमानो होतं. हे त्या कॉलेजचं चर्च. आराखडा होता ओरात्सियो ग्रासी या जेझुइट गणितज्ञाचा. धूमकेतूंवरून गॅलिलिओशी वाद घालणारा तो हाच. म्हणजे वर बघणाऱ्यांत भूमिती शिकलेली पोरं भरपूर होती.

ग्रासीच्या आराखड्यातला घुमट बांधला गेलाच नाही. १६८५ मध्ये पोत्सोनं त्या जागी कॅनव्हासवर घुमट रंगवून तो वर बसवला. त्यालाही फरशीवर वेगळी खूण आहे. या घुमटावर काही वास्तुतज्ञांनी आक्षेप घेतला की एवढे खांब नुसत्या ब्रॅकेटवर उभे, खरी इमारत असती तर टिकली असती का? पोत्सोचं उत्तर त्याच्या पुस्तकात आहे. माझ्या एका चित्रकार मित्रानं नुकसानभरपाईची हमी दिली आहे, अशा अर्थाचं. मला हा माणूस इथेच आवडला.

छताची पद्धतही त्यानं लिहून ठेवली आहे. आधी छत सपाट आहे असं धरून कागदावर चित्र काढायचं, त्यावर चौकटी आखायच्या. मग चर्चमध्ये, छत जिथून वळायला लागतं त्या उंचीवर, दोऱ्यांची जाळी ताणायची. खाली बघणाऱ्याच्या डोळ्याची जागा ठरवायची. काम छोटं असेल तर रात्री त्या जागी दिवा ठेवला की जाळीची सावली छतावर पडते, ती गिरवायची. छत उंच असेल तर सावली पुसट होते. अशा वेळी डोळ्याच्या जागेपासून दोरा घ्यायचा, जाळीच्या गाठीला टेकवत थेट छतापर्यंत न्यायचा आणि टेकेल तिथे खूण करायची. प्रत्येक गाठीसाठी हेच.

कॉम्प्युटर ग्राफिक्सचा एखादा कोर्स केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. डोळ्यापासून किरण सोडायचा, तो पृष्ठभागाला कुठे लागतो ते बघायचं, तिथे रंग भरायचा. आम्ही याला रे ट्रेसिंग म्हणतो. फरक एवढाच की आमच्या गेममध्ये कॅमेरा हलला की चित्र पुन्हा काढलं जातं, सेकंदाला साठ वेळा. पोत्सोला एकदाच रेंडर करायचं होतं, ओल्या गिलाव्यावर.

मग त्यानं दोन-चार बिंदू का नाही घेतले? एवढ्या लांब छताचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळी जागा दिली असती तर बाजूनं बघणाऱ्याला इतकं विचित्र दिसलं नसतं. हा आक्षेपही तेव्हाच आला होता. पोत्सोचं म्हणणं असं की एकाच जागेवरून बरोबर दिसणं आणि बाकीकडून बिघडणं हा दोष नाही, तीच तर या कलेची कसोटी. आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो वाचकाला सांगतो की आपल्या सगळ्या रेषा एकाच खऱ्या बिंदूकडे न्याव्यात, देवाच्या गौरवाकडे. त्याच्याकडे रेखाटनाचा नियम आणि श्रद्धा असे दोन वेगळे कप्पे नव्हतेच. इग्नेशियसच्या ध्यानपद्धतीतही साधक आधी जागा डोळ्यांसमोर उभी करतो: रस्ता किती लांब, गुहा किती उंच, आपण कुठे उभे. जागा ठरल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही.

म्हणून मला हे छत फसवणूक वाटत नाही. फसवणारा फरशीवर खूण करून ठेवत नाही. इथे कुठे उभं राहायचं ते दगडात सांगितलंय, आणि तिथून हललात तर काय होईल तेही तुम्हाला चालत चालत बघता येतं. दुसऱ्या प्रकारचं बरोकही रोममध्येच आहे. बोरोमिनीच्या सान कार्लो चर्चचा लंबगोल घुमट बघायला एक जागा लागत नाही. तो फिरणाऱ्या माणसासाठी बांधलाय. (चर्च म्हणून मला ते जास्त आवडतं, पण तो वेगळा लेख.) तेव्हा एकच बिंदू ही काळाची सक्ती नव्हती. पोत्सोनं ती निवडली.

या निवडीची दुसरी बाजू छताच्या कडांना आहे. ख्रिस्तापासून निघालेला प्रकाश इग्नेशियसच्या हृदयात शिरतो आणि तिथून फुटून चार खंडांकडे जातो. पोत्सोचे दोरे डोळ्यापासून वर गेले होते, हे किरण वरून खाली येतात. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका अशा चार स्त्रिया. आशिया उंटावर. त्यांच्या पायांशी कोसळणारे धिप्पाड देह आहेत, खोटे धर्म आणि पाखंड. आशियाकडे जाणाऱ्या त्या किरणाच्या टोकाशी गोवाही येतो, आणि तिथे तो किरण नुसता प्रकाश नव्हता. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन आलं, १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली.

त्याच साष्टीत, रायतूरला, १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. स्टीफन्सही जेझुइट, जन्मानं इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आलेला. पुराणं ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यानं बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. सत्ता तीच, संघ तोच, शेवटचा बिंदूही तोच. पण तिथे पोचण्यासाठी तो आधी ऐकणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला, ओवीची लय कानात बसेपर्यंत. पाडलेल्या देवळांची त्यानं भरपाई होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तरी पोत्सोच्या छताशेजारी हे पुस्तक ठेवलं की छतात काय नाही ते कळतं. आशियानं कुठून बघायचं, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नाही.

कधी तिथे गेलात तर आरशाची रांग सोडा. चकतीवर थोडा वेळ उभे राहा, ते सुंदर आहे, खरोखर सुंदर. मग मान वर ठेवूनच आशियाच्या कोपऱ्याकडे चालत जा. तिच्या बरोबर खाली पोचाल तेव्हा तिच्याजवळचे खांब कललेले असतील.