काळी शाई परक्या घरी

मराठीत भयकथेची वानवा कधीच नव्हती. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी कैक वाचकांची झोप उडवली. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काची जागा दिली. पण या गोष्टींच्या तोडीची चित्रं आठवायला बसलं, की हाती फार थोडं लागतं. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर अनेक वर्षं राज्य केलं ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या देखण्या स्त्रियांनी आणि देवादिकांनी. 1945 मध्ये ‘दीपावली’ सुरू करणाऱ्या दलालांच्या रेषेपुढे आजही हात जोडावेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती पुढच्या संपादकांच्या सवयीबद्दल. चित्र म्हणजे पानाचा नट्टापट्टा ही समजूत इतकी मुरली, की गोष्टीत विहिरीतून प्रेत वर येत असलं तरी मथळ्याशेजारी उदास डोळ्यांची तरुणीच उभी.

आम्हा इंदूरकरांना तरी हे खटकायला हवं. द. दा. देवळालीकरांनी इथे 1927 मध्ये चित्रशाळा उभी केली. बेंद्रे, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, विष्णू चिंचाळकर हे सगळे तिथे शिकले. चिंचाळकर गुरुजींनी पुढे वाळक्या फांद्यांत, मुळ्यांत, फुटक्या वस्तूंत चेहरे शोधले. गुरुजींचं काम प्रसन्न आहे, भयाच्या वाटेला ते जात नाही. पण विचित्र आकार अंगणातच पडलेला असतो, हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही. आणि धाक म्हणाल, तर इथला बडा गणपती आहेच. विसाव्या शतकाच्या आरंभीची ही सुमारे 25 फुटांची मूर्ती विटा, चुना, गूळ, मेथी अशा जिनसांची असल्याचं सांगतात. वर्षातून चारदा तिला शेंदूर-तुपाचा चोळा चढतो. मान मागे टाकून त्या शेंदरी देहाकडे पाहिलं, की भक्तीच्या आधी पोटात काहीतरी हलतं. हे हलणं कागदावर उतरवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आजच्या स्वतंत्र चित्रकारांचा हात तयार आहे, यात शंका नाही. पेन-टॅबलेटवर ते जो काळोखाचा पोत आणतात, तो जुन्या ब्लॉकच्या छपाईत टिकलाच नसता. पण त्यांच्या भिंतींवर कवट्या, आठ पायांचे समुद्रराक्षस, चेहऱ्यावर ओले केस सोडलेल्या जपानी पोरी! मुंजा, हडळ, गिऱ्हा, गोव्यातला देवचार यांना कुणी विचारत नाही. उसनी भीती सफाईदार असते, अंगावर मात्र येत नाही.

अपवाद आहेत, पण ते मराठी कागदावर नाहीत. राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ या चित्रपटासाठी शेकडो पानांचा स्टोरीबोर्ड रेखाटला. 2018 मध्ये पडद्यावर आलेला तो पाऊस, तो वाडा, तो शापित देव हस्तर. बीज धारपांच्या कथेचं, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, भाषा हिंदी. अभिजित किणींची ‘अँग्री मावशी’ नऊवारी नेसून मुंबईत मारामारी करते, ती इंग्रजी कॉमिकमध्ये.

असं का होतं, याचं उत्तर बरंचसं व्यवहारात आहे. पोट भरतं ते लग्नपत्रिकेवरच्या व्यंगचित्रांवर, कॅफेच्या बोधचिन्हांवर. काळं काम रात्रीचं, स्वतःच्या खर्चाने. दिवाळी अंकाचा फोन येतो तेव्हा अंक छपाईला निघालेला असतो. कथा वाचायला मिळत नाही, तीन ओळींचा गोषवारा मिळतो. त्यावर चित्रकाराने घाबरवायचं कसं? मानधनाचं सोडाच, हक्कांचाही शब्द निघत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाराच ठरतो. हक्क लेखी सोपवले आणि मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. ही दोन कलमं माहीत असलेला तरुण चित्रकार मला क्वचित भेटतो. ती माहीत असूनही गप्प बसलेले प्रकाशक जास्त असावेत, असा माझा संशय आहे. मोबदल्याच्या चिठ्ठीवर मुदत, आवृत्ती आणि मूळ चित्र कुणाकडे राहणार एवढ्या तीन ओळी लिहून घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि त्या आधी, पूर्ण कथा मागायलाही.